जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आणि संगणकाचा सातबारा

भाऊबीजेला कोथरूडला बहिणीकडे गेलो, तेव्हा ओवाळणीचे ताट तयार होण्याआधीच भाच्याने मला आतल्या खोलीत नेले. टेबलावर त्याचा २०१६ साली जुळवून घेतलेला संगणक होता. पंखे फिरत होते, कीबोर्डवरचा दिवा लागत होता, स्क्रीन मात्र ठार काळी. नऊच दिवसांपूर्वी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज १० चा सपोर्ट संपला होता. विंडोज ११ या यंत्रावर चालत नाही आणि चांगले चालणारे यंत्र भंगारात का घालायचे, असा विचार करून त्याने मित्राकडच्या जुन्या पेनड्राइव्हवरून उबंटू २४.०४ (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार) टाकले आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर थेट कंपनीच्या साइटवरून उतरवून बसवला. चार दिवस ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्रामसुद्धा छान चालला. पाचव्या दिवशी अपडेटची खिडकी आली, त्याने होकार दिला, संगणक रीस्टार्ट केला आणि अंधार झाला.

खरा गोंधळ त्यापुढचा होता. सुरू होतानाच्या मेनूमधून जुना कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची आधीची आवृत्ती, निवडला की स्क्रीन येत असे. पण मग व्हीएलसी टाका, एखादा फाँट टाका, नाहीतर काहीच न टाकता नुसते अपडेट करा, प्रत्येक वेळी शेवटी चूक झाल्याचा तोच संदेश येई. ‘मामा, व्हिडिओ बघायच्या प्रोग्रामचा आणि ग्राफिक्स कार्डाचा काय संबंध?’ हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता आणि हा लेख त्याच प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे.

भाच्याचे कार्ड एनव्हिडिया कंपनीचे, आणि त्याच्या ड्रायव्हरचा सपोर्ट कंपनीने आधीच थांबवलेला. पण ही अडचण एकट्या भाच्याची नाही. एनव्हिडियाने ड्रायव्हरची ५८० ही शाखा, म्हणजे आवृत्त्यांची मालिका, मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या कार्डांच्या पिढ्यांसाठी शेवटची ठरवली आहे. जीटीएक्स १०६० सारखी, कालपरवापर्यंत मानाने वापरली जाणारी कार्डे या यादीत येतात. डिसेंबर २०२५ मध्ये आर्च या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने आपल्या मुख्य भांडारात (प्रोग्रामांच्या कोठारात) ५९० ही शाखा आणली, तेव्हा पास्कलवाल्यांना ५८० शाखेचे वेगळे पॅकेज शोधावे लागले. म्हणजे ‘सपोर्ट नसलेला ड्रायव्हर’ हा प्रश्न आता फक्त दहा-बारा वर्षे जुन्या यंत्रांपुरता उरलेला नाही.

ड्रायव्हर म्हणजे लॉकरच्या दोन किल्ल्या

कर्नल हा लिनक्सचा गाभा असतो: स्मृती, डिस्क, पडदा, कीबोर्ड या सगळ्यांना कामाला लावणारा. ड्रायव्हर म्हणजे एखादे विशिष्ट यंत्र कसे चालवायचे हे कर्नलला सांगणारा प्रोग्राम. ग्राफिक्स ड्रायव्हरचे मात्र दोन भाग असतात. एक भाग कर्नलच्या आत जाऊन बसतो, त्याला मॉड्यूल म्हणतात; दुसरा भाग बाहेर राहतो आणि ब्लेंडर किंवा ब्राउझर यांच्याशी बोलतो, त्याला लायब्ररी म्हणतात. बँकेच्या लॉकरला जशी एक किल्ली बँकेची आणि एक आपली, तसा हा प्रकार आहे. एनव्हिडियाच्या बाबतीत या दोन किल्ल्यांची आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत जुळावी लागते. ती जुळली नाही, तर ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत असा संदेश येतो आणि काम थांबते. (हा संदेश अधिकृत पॅकेजांवरही कधीतरी दिसतो, कारण पार्श्वभूमीत अपडेट होऊन बाहेरची किल्ली बदललेली असते आणि आतली अजून जुनीच असते. तेव्हा घाबरण्याआधी एकदा रीस्टार्ट करून पाहावे.)

यात आणखी एक मेख आहे. लिनक्सचा कर्नल आपल्या अंतर्गत जोडण्या जशाच्या तशा ठेवण्याची हमी देत नाही. हे त्याच्या विकासकांचे जाहीर आणि ठाम धोरण आहे. त्यामुळे जे मॉड्यूल कर्नलच्या मूळ संचात नाही, ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागते. हे काम डीकेएमएस नावाची यंत्रणा करते; ती मुळात डेल कंपनीत लिहिली गेली. तिला घरचा शिंपी समजावे. मूळ कापड त्याच्याकडे ठेवलेले असते आणि माप बदलले की तो नवे शिवून देतो. कापड पुरेसे असेतो ठीक. पण कंपनीने ड्रायव्हरची शाखा बंद केली, की नवे कापड येणे थांबते आणि माप मात्र बदलतच राहते. मग कोणीतरी ठिगळ लावतो. संगणकाच्या जगात त्याला पॅच म्हणतात, आणि भाषांतर म्हणून पाहिले तर ‘ठिगळ’ हाच शब्द सर्वात अचूक आहे.

पॅकेज मॅनेजर म्हणजे तलाठ्याचे दप्तर

लिनक्सवर प्रोग्राम ‘पॅकेज’ या गठ्ठ्यात येतात आणि त्यांची आवक-जावक सांभाळतो तो पॅकेज मॅनेजर. उबंटू, मिंट आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांत (त्यांना वितरणे म्हणतात) वरच्या पातळीवर एपीटी आणि त्याच्या पोटात डीपीकेजी अशी जोडी काम करते. डीपीकेजीचे सगळे सामर्थ्य एका नोंदवहीत आहे: कोणते पॅकेज बसवले आहे, त्याची आवृत्ती कोणती, त्याला आणखी कोण लागते आणि डिस्कवरची कोणती फाइल कोणाच्या मालकीची आहे.

ज्यांच्या घरात शेतीचा तुकडा आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जमिनीवर प्रत्यक्ष काय उभे आहे ही एक गोष्ट आणि सातबाऱ्यावर काय लिहिले आहे ही दुसरी. खरेदी झाली, वाटणी झाली, तरी गाव नमुना ६ मध्ये फेरफार पडेपर्यंत सरकारी दप्तराच्या लेखी काहीच घडलेले नसते. एपीटी हा असाच काटेकोर तलाठी आहे. तो शेतावर जाऊन पाहत नाही, दप्तर पाहतो आणि त्याआधारे निर्णय घेतो.

कंपनीच्या साइटवरून मिळणारी ‘डॉट रन’ फाइल या दप्तराला विचारत नाही. ती रूट, म्हणजे यंत्रावरचा सर्वोच्च, अधिकार घेते, आपल्या फाइली व्यवस्थेच्या मुख्य फोल्डरांमध्ये ठेवते, आणि फेरफार नोंदवत नाही. भाच्याच्या यंत्रावर मी अशा एका लायब्ररीचा मालक कोण, हे डीपीकेजीला विचारले. उत्तर आले, असा मार्ग कोणत्याही पॅकेजात नाही. फाइल समोर दिसत होती आणि दप्तरात तिचा पत्ता नव्हता.

मग मोडते ते नेमके कसे?

पूर्वी असा ड्रायव्हर ग्राफिक्सची सामाईक लायब्ररीच पुसून तिच्या जागी स्वतःची ठेवत असे. एपीटीने पुढच्या अपडेटमध्ये त्या जागेवर पुन्हा आपली फाइल ठेवली, की ड्रायव्हर कोलमडायचा. अलीकडे जीएलव्हीएनडी नावाच्या व्यवस्थेने वेगवेगळ्या कंपन्यांच्या लायब्रऱ्यांना शेजारी शेजारी नांदायची सोय केली आहे, त्यामुळे ही मारामारी बरीच कमी झाली. तरी दप्तरातले एनव्हिडिया पॅकेज आणि दप्तराबाहेरचा ड्रायव्हर एकाच यंत्रावर आले, तर एकाची आतली किल्ली आणि दुसऱ्याची बाहेरची किल्ली अशी विजोड जोडी होतेच.

भाच्याच्या बाबतीत घडले ते मात्र वेगळे आणि जास्त शिकवणारे होते. पेनड्राइव्हवरचे उबंटू ६.८ या कर्नलचे होते. डॉट रन फाइलने विचारले, डीकेएमएसमध्ये नाव घालू का. त्याने हो म्हटले, आणि तसे म्हणणे चूकही नव्हते. पाचव्या दिवशीच्या अपडेटने ६.१४ कर्नल आणला. नवा कर्नल बसवताना त्याच्या पॅकेजमधली एक छोटी आज्ञावली डीकेएमएसला हाक मारते: नवे माप आले आहे, शिवून दे. शिंप्याने कापड पसरले, ते नव्या मापाला पुरेना, त्याने हात वर केले. त्याचे ‘जमत नाही’ हे उत्तर उलट्या वाटेने डीपीकेजीपर्यंत पोहोचले आणि डीपीकेजीने कर्नलच्या पॅकेजवर ‘अर्धवट बसवलेले’ असा शिक्का मारला.

आता एपीटीचा स्वभाव असा की दप्तरात अर्धवट काम पडलेले दिसले, की प्रत्येक वेळी तो ते आधी पूर्ण करू पाहतो. व्हीएलसी टाका म्हटले की तो व्हीएलसी आणतो आणि जोडीला म्हणतो, ते कर्नलचे राहिलेले काम पण उरकू. पुन्हा शिंपी, पुन्हा नकार, पुन्हा चूक. व्हीएलसीचा ग्राफिक्स कार्डाशी काहीही संबंध नसतो. दोघांची फाइल एकाच टेबलावर अडकलेली असते, एवढेच. यात दोष ना कार्ड कंपनीचा, ना उबंटूचा. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची खबर नव्हती.

म्हणून या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: ड्रायव्हर जुना असला तरी तो वर्षानुवर्षे नीट चालू शकतो, पण तो दप्तरात नोंदलेला असावा आणि ज्या कर्नलशी त्याचे जमते त्याच्या संगतीतच ठेवावा.

आधी चिप ओळखा, खोक्यावर जाऊ नका

ड्रायव्हर शोधण्याआधी कार्डाची पिढी कळली पाहिजे, आणि इथे अनेकजण फसतात. भाच्याचे कार्ड जीटी ७३०. आपल्याकडे स्वस्त कार्ड म्हणून हे अफाट खपले. पण जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या: काही कार्डांत जीएफ१०८ ही फर्मी पिढीची, काहींत जीके२०८ ही केपलर पिढीची. फर्मीची शेवटची शाखा ३९०, तिचा सपोर्ट २०२२ अखेर संपला. केपलरची शेवटची शाखा ४७०, तिचा २०२४ मध्ये. खोक्यावर एकच आकडा, पण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला मुळीच चालत नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे टर्मिनल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन एनव्हिडियाची ओळ वाचणे. तिथे कंसात विक्रीचे नाव असते आणि त्याच्या अलीकडे चिपचे सांकेतिक नाव. भाच्याच्या यंत्रावर ‘जीके२०८बी’ असे आले, म्हणजे केपलर. सुरुवातीची अक्षरे लक्षात ठेवायला सोपी आहेत: जीएफ म्हणजे फर्मी, जीके केपलर, जीएम मॅक्सवेल, जीपी पास्कल. मॅक्सवेल आणि पास्कल या दोघांसाठी आता ५८० हा मुक्काम. त्याहूनही जुनी, जीफोर्स ८ आणि ९ मालिकेतली कार्डे कोणाकडे असतील, तर त्यांची ३४० शाखा २०१९ अखेर थांबली; त्यांच्या मागे लागण्यात आता अर्थ नाही असे माझे मत आहे.

एएमडी आणि इंटेलच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नलच्या मूळ संचातच असतात, त्यामुळे त्यांच्या मालकांना हा लेख केवळ शेजारधर्म म्हणून वाचायला हरकत नाही.

कोणत्या वाटेने जावे

सर्वात पहिला प्रश्न हा की कंपनीचा ड्रायव्हर लागतो तरी का. कर्नलमध्ये ‘नूवो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर २०१० पासून आहे. कंपनीकडून माहिती न मिळता, कार्डाचे वागणे बाहेरून तपासून तो लिहिला गेला. त्याचा वेग कमी असतो, कारण बऱ्याच कार्डांना तो आपोआप पूर्ण गतीवर नेऊ शकत नाही. पण ज्यांना पत्रे लिहायची, बँकेचे पासबुक छापायचे आणि कीर्तन ऐकायचे, त्यांना तो पुरतो आणि प्रत्येक कर्नलबरोबर तो आपोआप नवा होतो. मी आईच्या संगणकावर दुसरे काहीही टाकलेले नाही.

ज्यांना ब्लेंडर किंवा खेळ हवेत, त्यांनी आधी आपल्या वितरणाच्या स्वतःच्या भांडारात पाहावे. भांडार म्हणजे उबंटू, मिंट यांनी तपासून ठेवलेल्या पॅकेजांचे कोठार. कंपनीने शाखा बंद केली म्हणून ती तिथून लगेच जात नाही. उबंटू २४.०४ च्या भांडारात ४७० आहे आणि कंपनीचे काम थांबल्यावर लावावी लागणारी ठिगळे उबंटूची माणसे लावतात. ‘उबंटू-ड्रायव्हर्स लिस्ट’ ही आज्ञा आपल्या कार्डाला चालणाऱ्या शाखा दाखवते. मिंटमध्ये हेच काम ड्रायव्हर मॅनेजरच्या खिडकीत होते. फेडोरावाल्यांसाठी आरपीएम फ्यूजन हे जुने, भरवशाचे कोठार आहे आणि त्यात जुन्या शाखांची वेगळी पॅकेजे असतात. आर्चमध्ये ही जबाबदारी वापरकर्त्यांनी चालवलेल्या एयूआरकडे जाते. तिथे पॅकेज बांधण्याची कृती मिळते, ती वाचून मगच चालवावी.

भांडारात नसेल, तर तिसरी वाट म्हणजे पीपीएसारखे बाहेरचे कोठार. यातली पॅकेजे दप्तरात रीतसर नोंदली जातात हा मोठा फायदा. पण असे कोठार जोडणे म्हणजे त्याच्या चालकाला आपल्या यंत्राचा रूट अधिकार देणे होय, कारण पॅकेज बसताना त्यातल्या आज्ञा रूट म्हणून चालतात. कोठार कोण चालवतो, शेवटचे अपडेट कधीचे आहे, हे पाहिल्याशिवाय जोडू नये.

आणि कशातच काही नसेल, तर जुन्या आवृत्तीतले मूळ पॅकेज त्याच्या सोर्ससह, म्हणजे मूळ कोडसह, घेऊन, ठिगळ लावून, आपणच आपले पॅकेज बांधावे. हे काम पहिल्यांदा करताना एक दिवस जातो, पण निघते ते खरे पॅकेज. त्याच्या आवृत्तीच्या शेवटी ‘लोकल१’ अशी खूण जोडावी, म्हणजे पुढे कोणते आपले आणि कोणते भांडारातले हे दप्तर पाहूनच कळते. खुणेच्या आधी टिल्डचे (~) चिन्ह टाकले, तर डीपीकेजी ती आवृत्ती मूळ आवृत्तीपेक्षा कमी धरतो. त्यामुळे उद्या भांडारात तोच आकडा आला, तर एपीटी आपली आपण बाजूला सारून भांडारातली घेतो.

कर्नल धरून ठेवावा का?

शाखा बंद झाल्यावर ड्रायव्हर गोठतो, पण कर्नल पुढे जातो. म्हणून लोक ‘एपीटी-मार्क होल्ड’ वापरून कर्नलच जागेवर खिळवतात. तसे केल्याने अंधार टळतो, पण कर्नलमधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. एका दुखण्यासाठी दुसरे ओढवून घेण्यासारखे ते आहे.

उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांत याहून चांगला मार्ग आहे आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. अशा आवृत्तीत कर्नलचे दोन पट्टे असतात. एक मूळ पट्टा: २४.०४ साठी तो ६.८ आणि २२.०४ साठी ५.१५, पाच वर्षांच्या मुदतीत त्याचा आकडा बदलत नाही, फक्त दुरुस्त्या येत राहतात. दुसरा एचडब्ल्यूई नावाचा पट्टा, नव्या यंत्रांसाठी. त्यात काही महिन्यांनी कर्नलच नवा होतो. डेस्कटॉपवर उबंटू टाकले की सहसा दुसरा पट्टा लागतो. जुन्या कार्डाला त्याची गरजच नसते. म्हणून ‘लिनक्स-जेनेरिक’ हे मूळ पट्ट्याचे पॅकेज बसवावे, त्या कर्नलने संगणक सुरू करून पाहावा आणि नंतरच एचडब्ल्यूईचे पॅकेज व त्याचे कर्नल काढावे. माप स्थिर राहते, शिंप्याला चिंता नाही आणि दुरुस्त्याही चालू राहतात.

‘पण कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर ताजा असतो ना?’

नव्या कार्डाबाबत हे खरे आहे. बंद पडलेल्या शाखेबाबत चित्र उलटे असते: साइटवर शेवटची आवृत्ती जशी होती तशी पडून राहते आणि भांडारातली मात्र ठिगळे लावून वापरती ठेवलेली असते. भाच्याला हे पटवायला वेळ लागला, कारण ‘कंपनीचे ते अस्सल’ हा आपला जुना समज आहे. डॉट रन फाइल स्वतःही, वितरणाचे पॅकेज वापरणे बरे, असा इशारा देते. तो न वाचता पुढे जाण्याची सवय आपल्याला विंडोजने लावली.

‘दुसऱ्या आवृत्तीचे पॅकेज उचलून बसवले तर? तेही पॅकेजच आहे.’

नोंद होईल, पण नोंदीत लिहिलेली नाती जुळणार नाहीत. जुन्या डेबियनचे पॅकेज जुन्या लायब्रऱ्या मागते. त्या आणायला जावे, तर त्या आणखी जुन्या मागतात, आणि बघता बघता अर्धे यंत्र एका आवृत्तीचे आणि अर्धे दुसरीचे होते. डेबियनच्या मंडळींनी अशा यंत्राला ‘फ्रँकनडेबियन’ असे नाव ठेवले आहे आणि ते करू नका अशी सूचना आपल्या मार्गदर्शक पानावर अगदी वरती दिली आहे. त्या जुन्या पॅकेजचा सोर्स घेऊन तो आपल्या यंत्रावर पुन्हा बांधणे वेगळे. तयार गठ्ठा आणून कोंबणे वेगळे.

‘सपोर्ट नसलेला ड्रायव्हर सुरक्षित आहे का?’

नाही, पूर्णपणे नाही. त्याचा एक भाग कर्नलच्या आत बसतो, त्यामुळे त्यात उद्या सापडलेले भोक हे कर्नलमधलेच भोक असते आणि ते बुजवायला कंपनी येणार नाही. घरात एकाच माणसाने वापरायचा, शिकण्याचा संगणक असेल, तर मी हा धोका पत्करतो. दुकानाचा हिशेब किंवा दवाखान्यातल्या रुग्णांची माहिती असलेल्या यंत्रावर मी नूवो ठेवीन किंवा सरळ दुसरे कार्ड घालीन. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांना सध्या थोडा दिलासा आहे: एनव्हिडियाने त्यांच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे सांगितले आहे.

ज्यांच्या यंत्रात सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासण्याची सोय) चालू आहे, त्यांच्यासाठी एक जोड. सही नसलेले मॉड्यूल अशा यंत्रावर आत घेतले जात नाही. उबंटू ही सही करण्यासाठी यंत्रावरच एक किल्ली तयार करते, बसवताना पासवर्ड मागते आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ हा पर्याय दाखवते. तो पडदा काही सेकंदच थांबतो. चहा आणायला उठलात तर तो निघून जातो आणि ड्रायव्हर बसूनही न बसल्यासारखा राहतो.

मोडलेलेच असेल, तर

भाच्याचे यंत्र दुरुस्त करायला, मधला फराळ धरून, पाऊण तास लागला. जुन्या कर्नलने सुरू केले. तेही जमले नसते, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरी पडद्यावर गेलो असतो. आधी डॉट रन फाइलने सोबत ठेवलेला ‘एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ चालवला. तो बहुतेक फाइली नेतो, पण नूवोला बंदी घालणारी एक छोटी फाइल मॉडप्रोबच्या फोल्डरात कधीकधी मागे ठेवतो. इथे ती होतीच. ती तशीच राहिली असती, तर कंपनीचा ड्रायव्हर गेलेला आणि नूवोला मनाई, अशी दोन्हीकडून पंचाईत झाली असती. ती हाताने काढली आणि संगणक सुरू होताना लागणारी प्रतिमा, म्हणजे इनिटरामएफएस, पुन्हा बनवली.

मग ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहिले, की शिंप्याच्या वहीत जुने काम उरले नाही ना. उरले असते तर ‘डीकेएमएस रिमूव्ह’ने काढावे लागले असते. त्यानंतर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, म्हणजे अर्धवट राहिलेली सगळी कामे पूर्ण कर. या वेळी शिंप्याला हाक मारायचे कारणच नव्हते, म्हणून कर्नलचे पॅकेज निमूटपणे पूर्ण झाले. इतके दिवस छळणारा संदेश गेला. जोडीला ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ चालवले. ही आज्ञा पॅकेजांच्या फाइली नोंदीशी ताडून बदललेल्यांची यादी देते, म्हणजे जमिनीची मोजणीच. यादीत एखादी लायब्ररी आली असती, तर तिचे पॅकेज पुन्हा बसवले असते. अखेरीस मूळ पट्ट्याचा कर्नल आणि भांडारातली ४७० शाखा बसवली.

हे करण्याआधी यंत्राचे छायाचित्र, म्हणजे त्यावरच्या व्यवस्थेची जशीच्या तशी प्रत, घेऊन ठेवणे उत्तम. मिंटमध्ये टाइमशिफ्ट त्यासाठी आधीच असते, उबंटूवर ते भांडारातून टाकता येते. आम्ही ते शेवटी घेतले, म्हणजे उलट्या क्रमाने. पण निदान घेतले.

पुढची आवृत्ती येईल तेव्हा

जुन्या शाखांची खरी कसोटी उबंटूची आवृत्ती बदलताना लागते. बाहेरची कोठारे त्या वेळी आपोआप बंद केली जातात, कर्नल मोठी उडी घेतो आणि अलीकडे पडद्याची व्यवस्थाही बदलते आहे. ३९० आणि ४७० या शाखांचे एक्सऑर्ग या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेशी जमते. तिची जागा घेणाऱ्या नव्या वेलँडला हवी असलेली एक महत्त्वाची सोय एनव्हिडियाने ४९५ पासून पुढे आणली. उबंटू २५.१० ने आपल्या नेहमीच्या डेस्कटॉपमधून एक्सऑर्गचा पर्याय काढून टाकला आहे. म्हणून आवृत्ती बदलण्यापूर्वी कंपनीचा ड्रायव्हर पूर्ण काढावा, नूवोवर यंत्र सुरू करून पाहावे, मग आवृत्ती बदलावी आणि नव्या भांडारात आपली शाखा आहे का ते पाहून मगच परत बसवावी. भाच्याला मी आवृत्ती बदलूच नको असे सांगितले आहे. २४.०४ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील आणि सिनेमन डेस्कटॉपचे मिंट अजून एक्सऑर्गवरच सुरू होते, तेव्हा त्याआधी मन बदलले तरी जायला जागा आहे.